काळ्या वाळूवरचे चेहरे

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत. अरबी समुद्र एकच, पण भगवती किल्ल्याचा डोंगर पाण्यात शिरल्यामुळे किनाऱ्याचे दोन भाग पडले आणि गावानं त्यांना वाळूच्या रंगावरून नावं दिली. किल्ल्याच्या उत्तरेला, मिऱ्याच्या बाजूचा पांढरा समुद्र आणि दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र. या पट्ट्यातल्या वाळूत इल्मेनाइट सापडतं. लोह आणि टायटॅनियम असलेलं हे काळं, जड खनिज. लाटा हलके कण उचलून नेतात, जड कण मागे राहतात. म्हणून ओहोटीनंतर मांडवीला पायाखाली काळपट, बारीक चकाकणारी वाळू पसरलेली दिसते.

कृष्णधवल व्यक्तिचित्रं काढणाऱ्या माणसाला या दोन किनाऱ्यांवरून आपल्या कामाचं मर्म कळू शकतं. चेहऱ्यावर उजेड फक्त वरून येत नाही. तो जमिनीवर आपटून खालूनही येतो, आणि किती येतो ते जमिनीच्या रंगावर ठरतं. पांढऱ्या वाळूवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, नाकाखाली, भुवयांखालच्या खोबणीत वाळूचा उजेड शिरतो. सुरकुत्या भरून निघतात, गाल गुळगुळीत होतात, वय चार-पाच वर्षांनी कमी दिसतं. तोच माणूस त्याच उन्हात मांडवीच्या काळ्या वाळूवर उभा करा. खालून फारसं काही येत नाही. गालाचं हाड वर येतं, जबड्याची कड स्पष्ट होते, कपाळावरच्या आठ्या मोजता येतात. किनारा बदलला की फोटोतला माणूस बदलतो.

मला विचाराल तर व्यक्तिचित्रासाठी मांडवीच खरी. रंगीत फोटोत रंग पुष्कळ सांभाळून घेतात. साडीचा काठ, मागचं निळं पाणी, होडीचा पिवळा पट्टा असं काहीतरी नजरेला धरून ठेवतं. रंग काढून टाकले की हातात उरतो तो उजेड आणि अंधार. त्यातही उजेड सगळीकडे सारखा पडला तर चेहरा पाटीसारखा सपाट होतो. नाकाला उंची, डोळ्याला खोली, ओठाला वळण देते ती सावली. त्यामुळे या कलेतलं खरं कसब अंधार कुठे राहू द्यायचा हे ठरवण्यात आहे. उजेड आणणारे पुष्कळ भेटतात, तो काढून घेणारे थोडे.

मांडवीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य गावामागून वर येतो, त्यामुळे पहिला काही वेळ किनाऱ्यावर फक्त आकाशाचा उजेड असतो. तो मऊ असतो, त्याला ठाम दिशा नसते. दुपारचं ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा हे बरं. कामाचा वेळ म्हणजे सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. पर्यटक तेव्हा जेट्टीवर सूर्याकडे तोंड करून फोटो काढून घेतात आणि सगळ्यांचे डोळे किलकिले येतात. माणसाला किल्ल्याकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभं करावं. डावा गाल उजळतो, उजवा सावलीत जातो. सावलीतल्या बाजूला पूर्वेच्या आकाशाचा थोडासा उजेड मिळतो आणि तेवढा पुरतो. मात्र पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नये. तिथली ओली वाळू काळी असली तरी आरशाचं काम करते आणि मावळतीचं आकाश खालून चेहऱ्यावर फेकते.

इथे कॅमेरा हमखास फसतो. समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरून त्याचा मीटर एक्सपोजर ठरवतो. चौकटीत काळी वाळू जास्त आली की त्याला वाटतं उजेड कमी आहे. मग तो एक्सपोजर वाढवतो, वाळू करडी होते आणि चेहरा पांढराफटक पडतो. काळ्या वाळूवर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करावा लागतो, पांढऱ्यावर तेवढाच वाढवावा लागतो. मोबाइलची गोष्ट याहून अवघड. आजचे बहुतेक फोन सावल्या आपणहून उजळतात, हायलाइट दाबतात आणि सगळं सारखं करून देतात. नंतर त्यातला रंग काढला की लोक त्याला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणतात. पण सावली आधीच पुसली गेली असेल तर रंग काढून ती परत येत नाही. फोनवरच काढायचा असेल तर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट ठेवून एक्सपोजर खाली ओढावं, अंधाराला अंधार राहू द्यावं.

युरोपातल्या जुन्या पुस्तकांत स्टुडिओसाठी एक नियम दिलेला असतो: खिडकी उत्तरेची हवी. तिथे भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन सहसा येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन येऊ शकतं. तो नियम इथे जसाच्या तसा चालत नाही.

त्याची गरजही नाही, कारण कोकणातलं जुनं घर जणू व्यक्तिचित्रासाठीच बांधलेलं असतं. मंगलोरी कौलांचं छप्पर पडवीवर इतकं खाली उतरतं की उंच माणसाला वाकून आत यावं लागतं. वरचा उजेड तिथेच अडतो. पडवीत पोचतो तो अंगणावरून परतलेला, बाजूनं आणि जरासा खालून येणारा उजेड. अशानं डोळे उजळतात. पाठीमागे माजघराचं दार, आत काळोख. जांभ्याच्या भिंती तांबड्या असल्या तरी कृष्णधवलात शांत करड्या होतात आणि चेहऱ्याशी भांडत नाहीत.

अशा पडवीत एखाद्या आजीला बसवून बघा. पाट माजघराच्या दाराच्या थोडा पुढे मांडायचा, म्हणजे मागे भिंत न येता काळोख येईल. आजींना सांगायचं, “जरा फाटकाकडे बघा, कुणी येतंय का.” मान वळते, एक गाल अंगणाकडे होतो. आता नाकाची सावली कुठे पडते ते पाहायचं. ती ओठापर्यंत लांबली तर उजेड फार वरून येतोय. गालापर्यंत पोचून तिथल्या सावलीला मिळाली, तर अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांटच्या चित्रांत हा त्रिकोण दिसतो, म्हणून फोटोग्राफर त्याला त्याचं नाव देतात. मग डोळ्यांत उजेडाचा ठिपका आहे का ते तपासायचं. तो नसेल तर डोळा मेलेला दिसतो, बाकी सगळं कितीही जमलं तरी. नथ असेल तर मोत्यांवर ठिपके येतील. पांढऱ्या केसांवर मात्र नजर ठेवायची, ते आधी बर्न होतात.

एवढं झाल्यावर सावलीची बाजू अजून फिकी वाटली तर तिथे पांढरं काही धरायचं नाही. घरातली काळी घोंगडी आणायची आणि आजींच्या अंधाऱ्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, हातभर अंतरावर टांगायची. भिंतीवरून परतणारा उजेड घोंगडी पिऊन टाकते आणि गालावरची सावली गडद होते. वीतभर जवळ आणली तर आणखी गडद, लांब नेली तर पुन्हा सौम्य. विजेचा एकही दिवा न लावता चेहऱ्यातला अंधार असा हातानं कमीजास्त करता येतो.

या कलेचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामात मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. नारायण दाजींनी मुंबईतल्या माणसांचे फोटो काढले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक फोटोग्राफर म्हणून नाव मिळवलं. कोलकात्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉननं इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ करून काळोखातून उगवणारे चेहरे टिपायला सुरुवात केली, ती या वर्गाच्या आठ-नऊ वर्षांनंतर. १८६७ मधलं तिचं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलचं व्यक्तिचित्र पाहिलं की कळतं, चेहऱ्याचा अर्धा भाग दाखवला नाही तरी माणूस पूर्ण दिसतो.

पण त्या काळी ज्या काचेवर फोटो घ्यायचे तिला एक मोठा दोष होता आणि तो आपल्या लोकांना महागात पडला. कलोडियन नावाच्या चिकट द्रावणाचा ओला थर दिलेली ही काच मुख्यतः निळा आणि जांभळा उजेड ओळखायची. तांबूस, पिवळसर रंग तिला जवळजवळ काळे दिसायचे. आभाळ पांढरं, तांबूस ओठ काळे आणि गव्हाळ किंवा सावळी कांती प्रत्यक्षात होती त्याहून कितीतरी काळी. नंतर ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली, तिला हिरवा दिसू लागला, तांबडा नाही. सगळे रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक काच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आली, पण स्टुडिओंमध्ये रुळायला तिला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर स्टुडिओत चेहऱ्यावर पावडर थापायची आणि निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटच करून गाल उजळायचे, ही रीत पक्की झाली होती. फिल्म सुधारली तरी रीत गेली नाही. लग्न ठरवण्यासाठी पाठवायच्या फोटोत मुलगी गोरी दिसलीच पाहिजे हा हट्ट तिनंच पोसला. आजही घरी प्रिंट नेऊन दिली की कुणीतरी म्हणतंच, “तोंड काळं आलंय.” या वाक्याला उत्तर देणं हा फोटोग्राफरच्या कामाचाच भाग आहे असं मी मानतो. सावळ्या कातडीवर उजेड चमकतो, वळणांवर ठसठशीत उमटतो. कृष्णधवलासाठी याहून चांगला पृष्ठभाग नाही. ती कातडी पांढरी करणं म्हणजे हातचं सोनं टाकून देणं.

डिजिटलमध्ये हा सगळा इतिहास एका फाइलमध्ये पाहता येतो. रंगीत फोटोचा फक्त लाल चॅनल घेतला तर कांती उजळते, डाग विरतात. फक्त निळा घेतला तर तीळ, वांग, उन्हानं रापलेली चामडी सगळं वर येतं आणि चेहरा जवळपास १८६० मधला दिसू लागतो. कुठला घ्यायचा हे समोरच्या माणसावर अवलंबून. खलाशाच्या रापलेल्या तोंडाला थोडा निळा चालतो, लहान मुलाला अजिबात नाही.

उजेडाशी वागण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आपल्याच दोन फोटोग्राफरांत दिसतात. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी सिनेमातल्या, संगीतातल्या मोठ्या माणसांचे चेहरे मऊ उजेडात टिपले. १९९७ मधला त्यांचा ‘चेहरे’ हा संग्रह चाळला की त्या चेहऱ्यांबद्दलची माया जाणवते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर कृष्णधवलात दीर्घकाळ काम केलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंतला अंधार कुणाला सुंदर करण्यासाठी नाही, तो त्या कामाच्या जागेचाच आहे आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. राजाध्यक्षांची सफाई मला मनापासून आवडते, पण मांडवीच्या वाळूवर उभं राहताना मला ओलवे जास्त आठवतात.

पर्यटक मांडवीला नोव्हेंबर ते मे येतात. व्यक्तिचित्रासाठी मात्र जून ते सप्टेंबर हे महिने उत्तम. ढग ऊन गाळून खाली पाठवतात, भिजलेला जांभा आणि भिजलेली अंगणं गडद होतात, त्यामुळे परतणारा उजेड कमी होतो आणि पडवीत दिवसभर काम करता येतं. त्रास फक्त दमटपणाचा. लेन्सवर बुरशी धरते, कागदाच्या कडा वळतात. लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि पुड्यांनी ओलावा शोषला की त्या तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापराव्यात.