तुटलेल्या तारेची जबानी

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की कऱ्हाड, रेठरे, साखराळे, भुईंज या पट्ट्यातले रस्ते रात्रभर जागे असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आणि त्या उसाआड असलाच तर एखादा लाल दिवा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिवा वेळेवर दिसला नाही की काय होते, ते सातारा-सांगलीच्या वाचकाला सांगायला नको. दर हंगामात अशा बातम्या येतात आणि प्रत्येक बातमीमागे एकच भांडण उरते: ट्रॉलीचा मागचा दिवा चालू होता की बंद? ट्रॅक्टरवाला म्हणतो, चालू होता. गेलेल्या माणसाचे घरचे म्हणतात, नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लावायला सांगतो. पण त्या रात्री तो पाळला गेला की नाही, हे सांगणारे तटस्थ असे कोणी तिथे नसते.

खरे तर असते. रस्त्यावरच्या काचेच्या चुऱ्यात एक छोटा बल्ब पडलेला असतो आणि त्यात एक बारीक तार. ती सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली तर धडकेच्या क्षणी ती तापलेली होती की थंड, हे पुष्कळदा कळते. जगभर अपघातांच्या तपासात ही पद्धत कित्येक दशके वापरली जाते. उसाच्या रस्त्यांवर तिची फार गरज आहे, म्हणून हा लेख.

ऊस बैलगाडीतून जायचा तेव्हा गाडीखाली कंदील टांगलेला असे. या भागात कंदील म्हटला की ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना उभा केला आणि प्रभाकर कंदील घरोघरी गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी उमेदीच्या काळात या कारखान्याच्या मालाच्या विक्रीचे काम केले होते. पण कंदील आपटला, वात विझली, तेल सांडले की क्षणापूर्वी तो पेटलेला होता का, याची खूण लवकरच पुसली जायची. विजेच्या बल्बची तार मात्र ती खूण धरून ठेवते, आणि याचे कारण तिच्या धातूत आहे.

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळते. कोणताही दुसरा धातू इतका तग धरत नाही. एडिसनने १८७९ मध्ये कार्बनी केलेला सुती दोरा पेटवला, पुढे बांबूचे तंतू वापरले. पण कार्बन फार तापवला की झपाट्याने उडून जातो. १९०४ मध्ये युस्ट आणि हानामान यांनी टंगस्टनच्या तारेचे पेटंट घेतले. ती तार प्रकाश छान द्यायची, पण इतकी ठिसूळ की जरा धक्का लागला की तुटायची. अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून, ठोकून आणि साच्यांच्या भोकांतून ओढून १९१० च्या सुमारास वाकणारी तार काढली. मग १९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्युर यांनी तारेला वेटोळे केले आणि बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरला. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनचे खनिज आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

घरच्या ६० वॅटच्या बल्बची तार साधारण तीन शतांश मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाहून बारीक. उलगडली तर पाऊण मीटरच्या आसपास भरेल. ती मॉलिब्डेनमच्या बारीक तारेवर गुंडाळतात, ते वेटोळे पुन्हा दुसऱ्यांदा गुंडाळतात आणि आतले मॉलिब्डेनम आम्लात विरघळवून टाकतात. उरते ते वेटोळ्याचे पोकळ वेटोळे. कारखान्यातली ही करामत नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही; आपल्याला फक्त एक करडी, खरबरीत दोरी दिसते.

ती बघायची तर जुना बल्ब जाड फडक्यात गुंडाळून हलकेच फोडावा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असावेत. सीएफएल किंवा ट्यूब कधीही फोडू नये, त्यात पारा असतो. थंड बल्बमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून बादलीत पाण्याखाली काच तडकवली तर पाणी आत ओढले जाते आणि काचा उडत नाहीत. मात्र पाण्याच्या त्या झोताने तार विसकटू शकते. तार पाहायची असेल तर फडकेच बरे.

कॉलेजातल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तार ठेवली की पहिल्यांदा निराशा होते. प्रकाश खालून येतो आणि तार अपारदर्शक, त्यामुळे नुसती काळी नक्षी दिसते. खालचा आरसा झाकून बाजूने टॉर्चचा तिरका झोत टाकला की चित्र पालटते. दहापट नेत्रिका आणि चौपट वस्तुभिंग पुरे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला चिरफाडीचा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक तर याहून सोयीचा. वेटोळ्याचा एकच थर एका वेळी स्पष्ट दिसतो, म्हणून बारीक चक्र हळूहळू फिरवत वरच्या वळणापासून खालच्या वळणापर्यंत उतरावे लागते. तसे उतरताना मोठे वेटोळे लहान वेटोळ्यांचेच बनले आहे हे कळते. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत कळत नाही.

नव्या तारेवर लांबच्या लांब बारीक रेघा असतात. साच्यातून ओढताना उमटलेल्या. शेकडो तास जळलेल्या तारेवर त्या रेघा पुसलेल्या असतात. सुमारे अडीच हजार अंशांना धातूचे अणू पृष्ठभागावरून उडत असतात, स्फटिकांच्या कडा वर येतात, दोन स्फटिकांमधल्या सीमेवर चर पडतो. उडालेले टंगस्टन काचेवर जाऊन बसते. जुन्या बल्बचा घुमट आतून काळवंडतो तो त्याचमुळे. या स्फटिकांच्या सीमा तारेला आडव्या असतील, उसाच्या पेरांसारख्या, तर तापलेली तार त्या सांध्यांवर सरकते, लोंबते आणि मरते. म्हणून तारेच्या भुकटीत पोटॅशियमचा अंश मिसळतात. तार तापली की त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे ओळीने उभे राहतात आणि स्फटिकांना लांब, एकमेकांत गुंतलेले वाढायला भाग पाडतात. बल्बवाले ही युक्ती १९२० च्या सुमारापासून वापरत होते. तिच्यामागे बुडबुडे आहेत हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९७० च्या आसपास उमगले. इतके बारीक बघायचे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा, आणि तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे, म्हणजे सांगलीहून तासा-दीड तासावर.

आता बल्ब ‘जातो’ म्हणजे काय होते? तारेचा एखादा भाग किंचित बारीक असतो. तिथे उष्णता जास्त, म्हणून तिथला धातू लवकर उडतो, म्हणून तो भाग आणखी बारीक. शेवटी बटण दाबताच तार तिथेच तुटते. बटण दाबतानाच तुटण्याचे कारण असे की थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या बाराव्या-पंधराव्या हिश्श्याएवढाच असतो आणि पहिल्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो. अशा मरणाची खूण पक्की असते: तुटलेली टोके निमुळती आणि टोकाला वितळून झालेला गोल मणी.

आमच्या खेड्यांतल्या दिव्यांच्या आयुष्यावर व्होल्टेजचा ठसा असे. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली, पण सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर वीज पोहोचली तरी एकाच लाइनवर गावातले दिवे आणि नदीकाठचे पंप असत. सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की बल्बची तार तांबूस निखाऱ्यासारखी दिसायची. २३० चे १८० व्होल्ट झाले तर प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. उलट मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढायचे, आणि अवघ्या ५ टक्के जादा व्होल्टेजने तारेचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. तेव्हा एकाच घरात संध्याकाळी अंधुक उजेड आणि पहाटे गेलेला बल्ब, हा विरोधाभास नव्हता. दोन्ही एकाच तारेचे गणित होते.

गेलेला बल्ब लगेच फेकायची रीत नव्हती. तो तिरका धरून टिचक्या मारायच्या, लोंबणारे टोक उरलेल्या तारेवर टेकवायचे आणि बल्ब अलगद होल्डरमध्ये बसवायचा. प्रवाह आला की ते टोक तिथेच चिकटे आणि बल्ब पूर्वीपेक्षा झगझगीत लागे. तार तुकड्याने कमी झाली, रोध घटला, प्रवाह वाढला. म्हणूनच तो झगझगाट चार दिवसांचा. असा सांधलेला बल्ब कुणाकडे माळ्यावर सापडला तर सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावा. दोन वेटोळी एकमेकांत वितळून बसलेला तो सांधा ओबडधोबड असतो, पण एका पिढीने काटकसरीने केलेली ती जोडणी आहे आणि ती मला जपून ठेवावीशी वाटते.

मोटारींचे दिवे वेगळे. त्यांचा प्रवाह एकदिश असतो, त्यामुळे फार काळ वापरलेल्या त्यांच्या तारेवर करवतीच्या दातांसारख्या पायऱ्या उमटतात. घरच्या उलटसुलट प्रवाहात त्या सहसा तशा येत नाहीत. मागच्या दिव्यात बहुधा १२ व्होल्टचा, २१ आणि ५ वॅटच्या दोन तारांचा बल्ब असतो. पाच वॅटची बारीक तार टेललाइटची, एकवीसची जाड तार ब्रेकची.

धडकेच्या वेळी तार थंड असेल तर टंगस्टन आपल्या मूळ ठिसूळ स्वभावावर असते. ती एक तर जशीच्या तशी राहते किंवा कडकन मोडते, आणि मोडलेली जागा चमकदार, कोनदार दिसते. मणी नाही, निमुळतेपणा नाही. तार तापलेली असेल तर ती लवचिक असते. जोराच्या हिसक्याने तिची वेटोळी ताणली जातात, काही उलगडतात, काही गोळा होतात, आणि हा वेडावाकडेपणा थंड झाल्यावर कायम राहतो. काचही फुटली असेल तर साक्ष आणखी ठळक. पेटत्या तारेला हवा लागताच तिच्यावर टंगस्टन ऑक्साइडचा थर चढतो: पिवळट-पांढरी भुकटी, कुठे निळसर जांभळी झाक. तारेवर उडालेले काचेचे कण वितळून मण्यांसारखे चिकटलेले दिसतात. थंड तारेवर काच वितळत नाही, एवढे एकच वाक्य न्यायालयात पुष्कळ काही ठरवू शकते. ब्रेकची तार ताणलेली आणि टेलची तशीच दिसली तर ट्रॅक्टरने ब्रेक दाबला होता, असाही निष्कर्ष निघू शकतो. अर्थात शेजारच्या तारेची धग दुसरीला लागते, हे लक्षात घेऊन.

इथे घाई करून चालत नाही. भरलेली ट्रॉली कित्येक टनांची. तिला मोटारसायकल धडकली तर ट्रॉलीला फारसा हिसका बसतच नाही. दिव्याच्या जवळच आघात झाला तर तार बोलेल. दूर झाला तर चालू दिव्याची तारही सरळच राहील. म्हणजे न ताणलेली तार पाहून ‘दिवा बंद होता’ असे म्हणणे चूक. खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षे हादरे खाल्लेली जुनी तारही थोडी लोंबते, ती धडकेची खूण नव्हे. त्याच प्रकारचा नवा बल्ब शेजारी ठेवूनच तुलना करावी लागते. मोटारसायकलचा हेडलाइटही तितकाच महत्त्वाचा साक्षीदार. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, पण त्याआधीच्या हजारो गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या हॅलोजन बल्बची क्वार्ट्झची काच सहज फुटत नाही, त्यामुळे आतली तार बहुधा जशी होती तशी हाती लागते.

माझे म्हणणे साधे आहे: रात्रीच्या अपघाताच्या पंचनाम्यात दिव्याचा बल्ब यायलाच हवा. बल्ब होल्डरमधून ओढून काढू नये; होल्डर आणि वायरचा तुकडा यांसह काढावा, कापसात ठेवून कडक डबीत बंद करावा. फुटलेल्या बल्बला बॅटरी लावून ‘चालतो का’ हे तर चुकूनही पाहू नये. काच फुटलेल्या थंड तारेला प्रवाह दिला की तिच्यावर तोच पिवळट थर चढतो आणि बंद असलेला दिवा कायमचा ‘चालू’ ठरतो. एका क्षणाच्या उत्सुकतेत खरी साक्ष खोटी होते. पुढचे काम पुण्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांचे. पण डबी तिथवर नीट पोहोचवणे हे घटनास्थळी पहिल्यांदा जाणाऱ्या हवालदाराच्या हाती आहे.

त्यासाठी ही तार कशी दिसते हे आधी कुणी तरी दाखवलेले असायला हवे. साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगलीत विज्ञान महाविद्यालये आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत. पण तारेचे बल्ब घरांतून जवळपास गेले. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी स्वस्त झाले. वीज वाचली, हे निःसंशय चांगले झाले. तारेचा बल्ब विजेच्या जेमतेम पाच टक्क्यांचाच उजेड करतो, बाकी सगळी उष्णता. त्या उष्णतेसाठीच पोल्ट्रीच्या शेडमध्ये पिल्लांवर तो अजून टांगतात, आणि अभ्यासासाठी गेलेले बल्ब तिथे मागितले तर मिळतात. गॅरेजवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यातही.

एलईडीच्या मागच्या दिव्यात तार नाही. धडकेच्या वेळी तो चालू होता का, हे त्याच्या चिपवरून अशा सहजपणे वाचता येत नाही. तिथे नव्या वाहनांच्या संगणकातली नोंद शोधावी लागते. उसाच्या ट्रॉलीला संगणक नसतो. तिला जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब मात्र अजून काही वर्षे तसाच राहणार आहे, म्हणून या हंगामात अपघात झालाच तर फुटलेल्या बल्बबरोबर त्याच ट्रॉलीचा दुसऱ्या बाजूचा शाबूत बल्बही तुलनेसाठी काढून वेगळ्या डबीत ठेवावा आणि दोन्ही डब्यांवर डावा-उजवा लिहावे.