खावटीचे महिने आणि धान्याची साखळी

आषाढ-श्रावण हे महिने शेतकऱ्याला आशेचे वाटत असले, तरी सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या अनेक आदिवासी कुटुंबांना ते कसोटीचे जातात. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांत या सुमारास घरातील ज्वारी-मका संपत आलेला असतो आणि नवे पीक अद्याप शेतातच उभे असते. पूर्वी अशा वेळी सावकाराकडून खावटी म्हणून उचललेले धान्य सुगीला सवाईने किंवा दीडपटीने परत करावे लागे. परिणामी नव्या पिकाचा मोठा हिस्सा खळ्यावरूनच निघून जाई.

धान्य बँकेचे तत्त्व

यावर उपाय म्हणून गावातच धान्याचा साठा असावा, ही कल्पना पुढे आली. केंद्र शासनाने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना सुरू केली. २००४ मध्ये ती अन्न विभागाकडे सोपविण्यात आली. गरजू कुटुंबाने अडचणीच्या काळात एक क्विंटलपर्यंत धान्य उसने घ्यावे व सुगीनंतर परत करावे, अशी तिची रचना होती. ही योजना पुढे बंद झाली. तिने दिलेला धडा मात्र आजही उपयुक्त आहे. पीक बुडाले की परतफेड थांबते आणि ज्या वर्षी गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षी कोठी रिकामी राहते. म्हणून गावच्या कोठीमागे मोठ्या क्षेत्राचे पाठबळ हवे.

प्रादेशिक पाठबळ

हे पाठबळ अनेक मार्गांनी उभे राहिले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. करोना साथीच्या काळात, २०२० मध्ये, कर्जाऐवजी प्रत्येक पात्र कुटुंबास चार हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले. त्यातील निम्मी रक्कम रोख व निम्मी वस्तुरूपाने होती.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला आणि धान्य हा पात्र कुटुंबाचा हक्क ठरला. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या खानदेशातील कुटुंबांना ऑगस्ट २०१९ पासून तेथील रास्त भाव दुकानातही आपल्या शिधापत्रिकेवर धान्य घेता येते.

गावपातळीवरील जबाबदारी

गुदामातून निघालेले धान्य चुलीपर्यंत पोहोचते की नाही, हे अखेर गावावरच अवलंबून असते. प्राधान्य कुटुंबाचे धान्य माणशी मोजले जात असल्याने नव्या सुनेचे किंवा बालकाचे नाव शिधापत्रिकेवर चढले नाही, तर तेवढा शिधा घरात येत नाही. विभक्त झालेली कुटुंबे, निराधार वृद्ध व विधवा यांची नोंद ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच तपासावी. कामासाठी बाहेरगावी निघालेल्या कुटुंबांना परगावी धान्य मिळण्याच्या सोयीची माहिती शिक्षकांनी द्यावी. गावच्या दक्षता समितीची बैठक नियमित व्हावी, दुकानात साठा व दर यांचा फलक असावा आणि तक्रार आल्यास ती जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावी.

भूक तक्रार-अर्ज लिहीत नाही. ती ओळखण्याचे काम गावानेच करावयाचे आहे. ते वेळीच झाले, तर श्रावणातही चूल पेटती राहील आणि सुगीचे धान्य पिकविणाऱ्याच्याच कणगीत जाईल.