केलं, गेलं आणि करलालोय

‘काय करतोयस?’ असे विचारणारा माणूस बाहेरगावचा, हे सोलापुरात ऐकणाऱ्याला लगेच कळते. इथला प्रश्न वेगळा असतो: ‘काय करलालास बे?’ उत्तरही त्याच चालीत येते: ‘जेवलालो’, ‘बघलालो’. कुणी झटकन ‘करलालो’ म्हणतो, कुणी जरा सावकाश ‘करूलालो’. पुण्या-मुंबईकडे या रूपांवर विनोद होतात, समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरतात. त्या हसण्यात एक गोष्ट निसटते. क्रियापदाचे नवे रूप घडताना ऐकायला मिळणे ही भाषाविज्ञानात दुर्मीळ चैन आहे आणि सोलापूरकर ती रोज चहाच्या टपरीवर फुकट वाटतात.

सावकाश बोलणाऱ्याच्या तोंडून रूपाचे मूळ फुटते. ‘करू लागलो’ मधला ‘ग’ गळाला, दोन शब्द जोडले गेले, मग मधला ‘ऊ’ दबला. अर्थही सरकला. ‘लागणे’ म्हणजे आरंभ. ‘करलालो’ म्हणजे काम चालू आहे, मध्यावर आहे. शेजारची कन्नडही याच वाटेने गेली, हे विशेष. उत्तर कर्नाटकात ‘मी करतोय’ला ‘माडाकत्तीनि’ म्हणतात आणि त्यात लपलेले क्रियापद आहे ‘हत्तु’: चढणे, चिकटणे, लागणे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात एकाच घरात, एकाच जेवणात दोन्ही भाषा चालतात. तिथे दोघींनी ‘लागणे’लाच कामाला लावावे, हा योगायोग वाटत नाही. कोणी कोणाकडून उचलले, याचा निकाल मात्र चहाच्या टपरीवर लागायचा नाही.

असेच काहीसे इटलीत दीड-दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झाले. लॅटिनमधला जुना भविष्यकाळ बोलण्यातून उतरत गेला आणि लोक ‘कांतारे हाबेओ’ म्हणू लागले. शब्दशः ‘मला गायचे आहे’. हे दोन शब्द घासून एक झाले: ‘कांतेरो’, म्हणजे ‘मी गाईन’. आजच्या इटालियनचा अख्खा भविष्यकाळ या घासाघाशीतून आला आहे. ‘दोर्मिरे’ (झोपणे) या क्रियापदाने स्वर जपला, त्याचे ‘दोर्मिरो’ झाले, ते नियमित. ‘वेनिरे’ (येणे) आणि ‘वोलेरे’ (हवे असणे) ही मात्र सतत तोंडात असणारी. त्यांचा मधला स्वर उडाला, व्यंजने एकमेकांवर आदळली आणि ‘वेर्रो’, ‘वोर्रो’ अशी रूपे उरली. परदेशी विद्यार्थी ती आज अनियमित म्हणून पाठ करतो.

पाठ करण्यासारखे बरेच आहे. इटालियन क्रियापदाचे पुरुष-वचनाप्रमाणे चालणारे अर्थ चार. शाळेत शिकवतात त्या आपल्या स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांच्याशी ते साधारण जुळतात. एकट्या स्वार्थात आठ काळ, विध्यर्थाच्या जोडीदारात चार, संकेतार्थात दोन. प्रत्येक काळात सहा रूपे. पर्यटक यातले पहिले शिकतो ते ‘वोर्रेइ’. ‘वोर्रेइ उन काफ्फे’ म्हटले की कॉफी सभ्यपणे मागता येते. मराठी माणूसही हॉटेलात ‘एक कॉफी हवी होती’ असेच म्हणतो. हवी आत्ताच असते, पण आर्जव करायला काळ मागे ढकलायचा. भाषा वेगळ्या, युक्ती सारखी.

खरी गंमत ‘आंदारे’ म्हणजे ‘जाणे’ या क्रियापदात आहे. वर्तमानकाळ असा चालतो: वादो, वाइ, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. मी जातो ‘वादो’ आणि आम्ही जातो ‘आंदियामो’! एकाच काळात दोन वेगळे धातू नांदतात. ‘वा-’ हा लॅटिनच्या ‘वादेरे’मधून आला, ‘आंद-’चे मूळ कोणते, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. पण ही वाटणी आंधळी नाही. आघात धातूवर पडतो तिथे ‘वा-’ येतो आणि आघात प्रत्ययावर सरकतो तिथे ‘आंद-’. मरणे या अर्थाच्या ‘मोरिरे’मध्येही हेच दिसते. ‘मी मरतो’ला ‘मुओयो’, ‘आम्ही मरतो’ला ‘मोरियामो’. आघाताखाली जुना ‘ओ’ फुटून ‘उओ’ झाला, आघात नव्हता तिथे तो तसाच राहिला. व्याकरणाच्या पुस्तकात गोंधळ दिसतो, त्यामागे उच्चाराचा साधा कायदा उभा असतो.

मराठीनेही ‘जाणे’साठी दोन धातू सांभाळले आहेत, पण सांधा काळावर ठेवला: जातो, गेला. ‘जातो’ संस्कृतच्या ‘या’ धातूकडून आला, ‘गेला’ ‘गत’कडून. केला म्हणजे कृत, मेला म्हणजे मृत, आला म्हणजे आगत, झाला म्हणजे जात. संस्कृतात ‘कृ’चे ‘कृत’ आणि ‘मृ’चे ‘मृत’ ही सरळ नियमातली रूपे. प्राकृतात शब्दांमधली व्यंजने झिजली, ‘गत’चे ‘गअ’ झाले, पुढे त्याला ‘ल’ चिकटला आणि ‘करणे’-‘केला’ या जोडीतले नाते दिसेनासे झाले. बसला, उठला, वाचला ही मंडळी उलट वागतात; वर्तमानकाळाचाच धातू घेऊन त्याला ‘ला’ लावतात. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक याने मराठीच्या घडणीवरचा आपला ग्रंथ 1920 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असल्या वंशावळी त्याने बारकाईने लावल्या आहेत. इटालियन ‘मोर्तो’ आणि आपला ‘मेला’ हे तर दूरचे भाऊबंदच, दोघांचा पूर्वज एक.

हे भाऊबंदकीचे प्रकरण एका इटालियन माणसाच्या लक्षात फार लवकर आले, तेही आपल्याच किनाऱ्यावर. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1583 मध्ये भारतात आला आणि 1588 मध्ये गोव्यात वारला. मायदेशी पाठवलेल्या पत्रांत त्याने संस्कृतचे काही शब्द इटालियनच्या शेजारी ठेवले: देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पे, सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे. इंग्रज पंडित विल्यम जोन्स कोलकात्यात हीच गोष्ट विस्ताराने सांगणार होता, त्याला अजून दोनशे वर्षे होती. सास्सेत्तीची नजर नामांवर आणि आकड्यांवर थांबली. पुढे 1816 मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला तो क्रियापदे चालवून दाखवूनच. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या भाषांची रूपे त्याने शेजारी शेजारी मांडली. शब्द उसने घेता येतात. अनियमित रूपांची अख्खी मालिका सहसा कोणी उसनी घेत नाही. इटालियन ‘असणे’ घ्या. ‘तो आहे’ला ‘ए’, दूरच्या भूतकाळात ‘मी होतो’ला ‘फुइ’, भूतकाळवाचक विशेषण ‘स्तातो’. या तिघांच्या मागे तेच धातू आहेत जे संस्कृतात अस्, भू आणि स्था म्हणून भेटतात.

रूपे टिकतात तशी जागाही बदलतात, याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यातच दगडावर आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातले मराठी वाक्य एवढेच: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावतात.

यातली दोन्ही क्रियापदे बोलकी आहेत. ‘वाची’ हे रूप तेव्हा वर्तमानकाळाचे होते. अभंगाच्या शेवटी येणाऱ्या ‘तुका म्हणे’तला ‘म्हणे’ त्याच घरातला. आज ‘तो पोथी वाची’ म्हटले तर शाळकरी पोरही ‘रीतिभूतकाळ’ असे उत्तर देईल. रूप तेच राहिले, काळ बदलला. आता तर बोलण्यातून तो रीतिभूतकाळही चालला आहे, ‘वाचायचा’ने त्याची जागा घेतली. ‘होईवा’ तर पार नाहीसा झाला. होतो, होईल, व्हावा, होवो आणि झाला एवढी बिऱ्हाडे उरली, आणि ‘होणे’ हे मराठीतले सर्वांत चमत्कारिक क्रियापद आजही जोरात चालू आहे.

चमत्कारिक असूनही ते टिकले, कारण ते रोज लागते. इंग्रजीवर याचे गणित झाले आहे. एरेझ लीबरमन आणि हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये ते मांडले. प्राचीन इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे त्यांनी निवडली. त्यांतली 145 मध्ययुगीन इंग्रजीतही अनियमित राहिली, आज उरली 98. बाकीच्यांनी मुकाट्याने ‘एड’ लावून घेतला. जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते ते दहापट वेगाने नियमाला शरण जाते, असा हिशेब निघाला. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची दहाही क्रियापदे अनियमित आहेत. मराठीत अशी मोजदाद कोणी करायला घेतली तर करणे, जाणे, येणे, देणे, घेणे, होणे ही नावे वरच्या रांगेत दिसली नाहीत तरच नवल.

मेंदूत नेमके काय होते, यावर भांडण आहे. 1958 मध्ये भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी लहान मुलांना खोटे शब्द दिले आणि मुलांनी कधी न ऐकलेल्या शब्दांची रूपे नियमाप्रमाणे बनवली. ‘टबकणे’ असे क्रियापद इथेच बनवले, तर सोलापूरचे पोर क्षणात ‘टबकला’ म्हणेल आणि ‘टबकलालोय’ही. म्हणजे नियम डोक्यात आहे. मग तेच पोर ‘केलं’ बरोबर म्हणत असताना मधेच ‘करलं’ का म्हणू लागते? मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांच्या मते दोन यंत्रणा आहेत: अनियमित रूपे स्मरणात, नियमित रूपे नियमातून. नियम हाती लागला की मूल तो सगळीकडे लावून पाहते. उलट बाजूला रूमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी 1986 मध्येच संगणकावर कृत्रिम मज्जाजाळे शिकवून दाखवले. त्यात लिहून ठेवलेला एकही नियम नव्हता, तरी ते मुलासारख्याच चुका करत होते. आजची भाषा बोलणारी यंत्रे पाहता या दुसऱ्या पक्षाला बळ आले आहे, पण मुलाला जेवढ्या थोड्या शब्दांवर भाषा येते, तेवढ्यावर यंत्राला येत नाही.

मोठी माणसेही हेच करतात. 1975 च्या ‘फांतोत्सी’ या चित्रपटातला पाओलो विल्लाज्जोचा बापुडवाणा कारकून इटलीत घराघरांत ठाऊक आहे. साहेबी थाटात बोलायला जावे आणि विध्यर्थात घसरावे, ही त्याची ओळख. ‘आपण जावे’ला ‘वादा’ म्हणायचे तिथे तो ‘वादी’ म्हणतो. लोक हसतात, पण त्याचा तर्क चोख आहे. ‘आरे’ने संपणाऱ्या क्रियापदांना विध्यर्थात ‘इ’ लागतो आणि ‘आंदारे’ त्यांच्यातलाच.

नवी क्रियापदे आली की इटालियन त्यांना याच ‘आरे’ गटात भरती करते: गूगलारे, चात्तारे. मराठीची सोय निराळी. ती परक्या शब्दाला हातही लावत नाही, शेजारी ‘करणे’ उभे करते. फोन केला, ऑर्डर केली, डाउनलोड केलं. इंग्रजीतून येणारा प्रत्येक शब्द ‘केला’चा वापर वाढवतो आणि लीबरमन यांच्या हिशेबाने त्याचे आयुष्यही. या धंद्यात त्याला स्पर्धक एकच दिसतो, ‘मारणे’: फोटो डिलीट मारला, गाडीला सेल्फ मारला. आणि तो अगदी नियमित आहे.