व्हॉट्सॲपवर ‘हाय’ टाकलं की पलीकडे काय होतं? निळी टिक म्हणजे पोचपावती नव्हे

वसई : बिल, तिकीट, तक्रार, दाखला, अशी एकेक कामं आता व्हॉट्सॲपवर येऊ लागली आहेत. मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये आपला चॅटबॉट सुरू केला. राज्य सरकारनेही ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करार केला. तालुक्याला हेलपाटा वाचणार, ही चांगलीच गोष्ट. पण पलीकडे माणूस नसतो, प्रोग्रॅम असतो. तो कसा चालतो हे माहीत असलेलं बरं.

मेसेज जातो कुठे?

समजा, आगाशीहून कुणी नळाला पाणी नसल्याची तक्रार टाकली. तो मेसेज आधी मेटाच्या सर्व्हरवर जातो. तिथून खात्याच्या सर्व्हरला वर्दी जाते, की नवा मेसेज आलाय. या वर्दीला ‘इव्हेंट’ म्हणतात आणि ती जिथे पोचते त्या पत्त्याला ‘वेबहूक’. कुठल्या नंबरवरून, किती वाजता, काय आलं, हे सगळं वर्दीत असतं. मजकूर, फोटो, लोकेशन की नुसतं बटण दाबलंय, तेही कळतं. त्यावरून बॉट पुढचं उत्तर ठरवतो.

वर्दी पोचल्याचं खात्याच्या सर्व्हरने लगेच कळवायचं असतं. नाही कळवलं तर तीच वर्दी पुन्हा येते. बॉट नीट बनवलेला नसेल तर एका तक्रारीच्या दोन होतात. म्हणून चांगला बॉट आधी मेसेजचा क्रमांक बघतो, आणि वर्दी खरंच मेटाकडूनच आली ना, हेही तपासतो.

टिकवर विसंबू नका

खरी मेख इथे आहे. दोन निळ्या टिका आल्या म्हणजे साहेबांनी वाचलं असं नाही. ती टिक प्रोग्रॅमही लावू शकतो. तक्रार नोंदली गेली की नाही, ते फक्त तक्रार किंवा अर्ज क्रमांकावरून ठरतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे, नाही मिळाली तर अपील करता येतं. पण त्यासाठी हातात क्रमांक आणि तारीख हवी. क्रमांक आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा. नाही आला तर काम झालं नाही असंच समजा.

आणखी एक. तुमच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच बॉट मोकळेपणी उत्तर देऊ शकतो. त्यानंतर त्याला मेटाने मंजूर केलेला ठरावीक मजकूरच पाठवता येतो. संवाद अर्धवट राहिला असेल तर पुन्हा ‘हाय’ टाका.

फसवणुकीपासून सावध

नंबर नेहमी खात्याच्या वेबसाइटवरून किंवा कार्यालयातल्या फलकावरून घ्या, फॉरवर्डमधून नको. बँकेचा ओटीपी, पिन मागितला किंवा ‘एपीके’ फाइल पाठवली तर ती उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.