पडद्यावरचा बिननावाचा पाहुणा

मंडळी, आजचा विषय काहींना अडचणीचा वाटेल, म्हणून सुरुवात कपाशीपासून करू. अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना कपाशीचं फूल समजावून सांगायला नको. एकाच फुलात पुंकेसरही आणि स्त्रीकेसरही. म्हणून तर संकरित बियाणं करताना पुंकेसर हाताने काढून टाकावे लागतात. अशा फुलाला जीवशास्त्रात 'उभयलिंगी' म्हणतात. गांडुळालाही तोच शब्द. आणि ज्या माणसाला स्त्री-पुरुष दोघांबद्दलही ओढ वाटू शकते, त्यालाही मराठीत आपण 'उभयलिंगी'च म्हणत आलो. घोळ इथे आहे. फुलाच्या बाबतीत हा शब्द अवयवांविषयी बोलतो, माणसाच्या बाबतीत मनाच्या ओढीविषयी. अकोल्याच्या कॉलेजातल्या पोराने स्वतःसाठी शब्द शोधला, तर त्याला आधी गांडूळ भेटतं! म्हणून आम्ही आज 'उभयलैंगिक' म्हणणार आहोत. तोही काही फार गोड शब्द नाही, पण चालेल.

शब्दच धड नसेल, तर माणूस स्वतःला ओळखतो कशावरून? पुष्कळदा गोष्टीवरून. टीव्हीचा अभ्यास करणारे जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रॉस यांनी १९७६ साली मांडलं की पडद्यावरच्या काल्पनिक जगात ज्यांना जागा नाही, ते समाजाच्या लेखीही जणू नसतातच. आपल्याकडे तर घरात टीव्ही एक आणि बघणारे सात. त्यावर जे येत नाही, ते घरात बोललंही जात नाही.

मराठीत समलैंगिक नात्याची गोष्ट तशी जुनी. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ सालचं. उभयलैंगिक माणूस मात्र शोधावा लागतो. सापडतो तो सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत, २००६ साली. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला एक पेइंग गेस्ट, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर कुंडलकरांनीच केलेला त्याचा हिंदी सिनेमा आला. कादंबरी आम्हाला फार आवडते, पण एक गोष्ट बघा. अर्धी कादंबरी तनय सांगतो, अर्धी अनुजा. दोघांवर प्रेम करणाऱ्या त्या तिसऱ्याला नावही नाही आणि बोलायला एक पानही नाही. तो येतो, दोघांना वेड लावतो, निघून जातो. कादंबरी म्हणून हे गूढपण शोभतं. पण स्वतःला शोधत आलेल्या वाचकाच्या हाती काय लागतं? आपल्यासारखा माणूस म्हणजे न थांबणारा, दोन घरं मोडून जाणारा पाहुणा.

२०१९ मध्ये प्राइम व्हिडिओवरच्या 'फोर मोर शॉट्स प्लीज'मध्ये बानी जे हिने केलेली उमंग आली. लुधियानाहून मुंबईत आलेली, जिममध्ये ट्रेनर. तिला नाव आहे, नोकरी आहे, मैत्रिणी आहेत, आणि उभयलैंगिक असणं हा तिच्या आयुष्याचा एक भाग आहे. हे मोठं पाऊल. तरी दुसऱ्या सीझनच्या शेवटी तीही लग्नातून पळतेच! २०२१ च्या 'द मॅरीड वुमन'मध्ये संसारी, मुलंबाळं असलेली आस्था एका स्त्रीच्या प्रेमात पडते. अशी कथा बघितली की पुष्कळ जण म्हणतात, "म्हणजे ती मुळात समलैंगिकच होती." नवऱ्यावर कधी जीव असेल, ही शक्यताच आपण खोडून टाकतो. पुरुष असेल तर "लपवतोय", बाई असेल तर "नवऱ्याने लक्ष दिलं नाही". दोन्हीकडून तो माणूस गायब.

आणि हे गायब होणं घरात फार महाग पडतं. ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला, गुन्हा उरला नाही. पण स्थळं बघणं कुठे थांबलं? समलैंगिक मुलाचं निदान काही घरांत, रडूनओरडून का होईना, ऐकलं जातं. उभयलैंगिक पोराला मात्र लगेच उत्तर तयार: "तुले पोरी बी आवडतात ना? मंग करून टाक ना लग्न!" वरून हे समंजस वाटतं. पण ऐकणाऱ्याला कळतं की आपण जे सांगितलं त्यातला अर्धाच माणूस घरात ठेवून घेतलाय. मग तो स्वतःवरच शंका घेऊ लागतो: हे खरंच आहे, की आपला भ्रम?

नेमका हाच संवाद डिसेंबर २०१७ मध्ये 'ब्रुकलिन नाइन-नाइन' या अमेरिकी विनोदी मालिकेत आला. पोलीस डिटेक्टिव्ह रोझा डियाझ आई-वडिलांना सांगते, तेव्हा त्यांचं म्हणणं असतं की मग शेवटी लग्न पुरुषाशीच होईल ना! ती म्हणते, होईलही कदाचित, पण त्याने मी बदलणार नाही. भूमिका करणारी स्टेफनी बिआट्रिझ स्वतः उभयलैंगिक आहे, त्यामुळे त्या प्रसंगात खोटा सूर नाही. वडील नंतर येऊन भेटतात; आईला वेळ लागतो. दोघं एका रात्रीत सुधारली असं दाखवलं नाही, हे आम्हाला पटलं. ब्रुकलिन कुठे आणि बडनेरा कुठे, पण आई-वडिलांचा प्रश्न शब्दशः तोच.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या पुढे पाठवा. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही.