सफरचंदाचा बहर : थंडी, ऊब आणि मधमाशी

सिमला जिल्ह्यातील कोटगड भागात सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ मध्ये 'डिलिशस' गटातील सफरचंदाची लागवड सुरू केली. आज तेथील अनेक कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न एप्रिलमधील आठ-दहा दिवसांच्या फुलोऱ्यावर अवलंबून असते. हे दिवस साधणे म्हणजे काय, ते पाहू.

दिवस मोठा झाला की झाड फुलते, असा समज आहे. कोटगडला डिसेंबरमध्ये दिवस सुमारे १० तासांचा, तर एप्रिलमध्ये सुमारे १३ तासांचा असतो. परंतु सफरचंदाचे डोळे दिनमानावर नव्हे, तापमानावर उमलतात. हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील थंडी डिलिशस वाणांना साधारण ८०० ते १,२०० तास मिळावी लागते. त्यानंतर ऊब मिळाली की फुले येतात. थंडी कमी पडल्यास फुलोरा मागेपुढे व विरळ होतो.

फुले आली म्हणजे फळे आली असे नाही. मक्याचे पराग वाऱ्याने पसरतात. सफरचंदाचे पराग मात्र जड व चिकट असल्याने ते कीटकांनीच न्यावे लागतात. शिवाय डिलिशसला स्वतःच्या वाणाचे पराग चालत नाहीत. म्हणून दर तीन-चार झाडांमागे गोल्डन डिलिशस किंवा रेड गोल्ड यांसारखे त्याच वेळी फुलणारे एक परागदाते झाड ठेवतात. ते नसल्यास त्याच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या बाटल्यांत घालून झाडांना टांगतात.

सफरचंद आडवे कापून पाहा. पाच कप्पे दिसतील. प्रत्येक कप्प्यात दोन, असे साधारणतः १० बियांपर्यंत बी धरू शकते. एका बाजूस बी न धरल्यास फळ वेडेवाकडे वाढते.

येथेच हवामान आडवे येते. मेलीफेरा मधमाशी १२-१३ अंशांखाली फारशी बाहेर पडत नाही. सातेरी थोड्या कमी तापमानातही काम करते. पावसात दोन्ही पेटीतच बसतात. थंडीत परागनलिका सावकाश वाढते व तोवर बीजांड निकामी होऊ शकते. उमललेली फुले उणे २ अंशांच्या आसपास करपू लागतात. त्यामुळे बागायतदार भाड्याने पेट्या आणून थोडी फुले उमलताच बागेत ठेवतात व फुलोऱ्यात कीटकनाशक फवारत नाहीत.

आपल्या राज्यातही काही शेतकऱ्यांनी कमी थंडी लागणारे 'अन्ना' हे वाण लावले आहे. रोपे घेताना एकाच वाणावर थांबू नये. अन्नासोबत 'डॉर्सेट गोल्डन'ची झाडे अवश्य लावावीत. रोपांचा खर्च एकदाच होतो, परंतु परागाची उणीव दरवर्षी नुकसान करते.