लेकरू कॉलेजात टिकवणारे शिक्षण

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावातून लेकरू पहिल्यांदा कॉलेजला निघते, तेव्हा घरात काय चालते ते तुम्हाला सांगायला नको. हळदीच्या पट्टीतले पैसे बाजूला काढलेले असतात. आई धपाटे बांधून देते. बाप एस.टी.त बसवून देतो आणि म्हणतो, "मन लावून शिक." आणि समजा, दोन महिन्यांनी तेच लेकरू पेटी घेऊन दारात उभे राहिले, "मला नाही जमत तिथं," म्हणाले, तर?

आपण म्हणतो, डोके चालत नसेल. पण पुष्कळदा डोक्याचा दोष नसतोच. शिष्यवृत्तीचा अर्ज एका दाखल्यापायी अडलेला असतो. वसतिगृहाची यादी लागून गेलेली असते. इंग्रजीतला तास समजत नाही आणि विचारावे कुणाला हे ठाऊक नसते. शिकवणारे असतात, पण पाठीवर हात ठेवणारे कुणी भेटत नाही.

वाचकहो, हा पाठीवर हात ठेवण्याचाही एक पेशा आहे आणि त्याचे रीतसर शिक्षण घेता येते. तुमच्या घरात माणसांत रमणारा, चार जणांची कामे आपण होऊन करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ही माहिती नीट वाचा.

हे काम आपल्याकडे नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करून दिले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी तशी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातला मुलगा शिकायचा तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. कोल्हापुरातच वसतिगृहात राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवायला घेतले. पोरे उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज निघाले, तेही 'कमवा व शिका' या तत्त्वावर. ही योजना आज राज्यातल्या अनेक कॉलेजांत चालते.

अमेरिकेत या कामाचे स्वतंत्र शास्त्रच झाले. विद्यार्थी म्हणजे नुसते परीक्षेचे गुण नव्हेत, त्याची प्रकृती, पैसा, मन, मित्र हे सगळे कॉलेजने पाहिले पाहिजे, असा विचार तिथल्या शिक्षण परिषदेने १९३७ साली मांडला. तिथे या विषयाची वेगळी एम.ए. पदवी मिळते.

आपल्याकडे त्या नावाची पदवी सहसा आढळत नाही. कामही अनेकांत वाटलेले आहे. वसतिगृहात गृहपाल असतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, तिचा कार्यक्रम अधिकारी असतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे. हिंगोली जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. तिथेही हा विभाग आहे. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे.

मग वाट कोणती? कुठल्याही शाखेची पदवी घ्यावी आणि पुढे दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण करावे. यात वर्गातल्या तासांबरोबर प्रत्यक्ष वस्तीत, दवाखान्यात, शाळेत जाऊन काम करावे लागते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरलाही तिचे केंद्र आहे. मनाचे प्रश्न समजून घेण्याची आवड असेल, तर मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशनाचे प्रशिक्षण घ्यावे. प्राध्यापक व्हायचे असेल, तर एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.ला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट परीक्षा हवी. समाजकल्याण खात्यातील गृहपालाच्या जागा परीक्षा घेऊन भरतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायम जागा थोड्या आहेत. समुपदेशक पुष्कळ ठिकाणी मानधनावर नेमतात. विद्यार्थी विकासाचे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडेच जादा म्हणून सोपवलेले असते. तेव्हा शेत गहाण टाकून महागड्या खाजगी संस्थेत प्रवेश घेऊ नका. आधी सरकारी व विद्यापीठाच्या विभागातील फी विचारा, शिष्यवृत्ती पाहा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. अटी त्या त्या वर्षी तपासून घ्या.

आणि ज्यांचे लेकरू यंदाच कॉलेजला चालले आहे, त्यांनी एवढे करावे. पहिल्या दिवशी बरोबर जावे. शिष्यवृत्तीचा कारकून, विद्यार्थी विकास अधिकारी आणि गृहपाल या तिघांना भेटावे. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला आधीच काढून ठेवावा. रॅगिंगचा त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ आणि मन खचले तर १४४१६ या क्रमांकांवर फुकट फोन करता येतो, हे मुलांना लिहून द्यावे. फोनवर "अभ्यास चाललाय ना?" या आधी "जेवलास का? कोण सोबती मिळाला?" हे विचारावे.

पेरणी झाली म्हणून शेतकरी घरी बसत नाही. उगवले ते टिकवायला खुरपणी लागते, राखण लागते. लेकराला कॉलेजात घालणे ही पेरणी झाली. पुढच्या राखणीला माणसे हवीत. त्यातले एखादे साखऱ्याचेच असले, तर मागून येणाऱ्या पोरांना परक्या शहरात आपले माणूस भेटेल.